ट्रंकेची दुसरी कडी

बसवनगुडीतल्या आमच्या घरमालकांना कुणी दारातून नुसतं निघून गेलेलं चालत नसे. पोस्टमन पत्र टाकून वळला, की हे चपला सरकवून त्याच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत. दूधवाल्याला फाटकापर्यंत. गॅसचं सिलिंडर आणणाऱ्याला तर त्याची तीनचाकी चढ ओलांडेपर्यंत, आणि तेही मागून एक हात लावून. माझ्या सासूबाई पहिल्यांदा आमच्याकडे राहून पुण्याला परत निघाल्या, तेव्हा आम्ही बाहेर यायच्या आत हे रिक्षात जाऊन बसले होते. स्टेशनवर गाडी हलली तरी खिडकीचा गज सोडेनात. गाडीबरोबर चालता चालता सासूबाईंना पाण्याची बाटली कुठल्या स्टेशनवर भरून घ्यायची ते सांगत होते. पुढे सासूबाईंचं पत्र आलं, त्यात पहिलाच प्रश्न होता, "त्या गृहस्थांनी गाडी सोडली ना वेळेत?"

गल्ली त्यांना अण्णा म्हणे, म्हणून आम्हीही अण्णाच म्हणू लागलो. मूळचे निपाणीकडचे. घरात मराठी, शाळा कानडी, आणि उभी नोकरी बंगलोरात, एका इंजिनियरिंग कॉलेजच्या होस्टेलचे वॉर्डन म्हणून. त्यांचं मराठी ऐकलं की आमची ही पदर तोंडाला लावायची. "बसा की हो, स्वल्प कॉफी घ्या की, कुठं पळून चाललंय कॉलेज?" असं ते मला रोज सकाळी म्हणत आणि मी रोज कॉलेजला उशिरा पोचे.

कॉलेज तेच. ते तिथून निवृत्त झाले आणि मी त्याच कॉलेजात गणित शिकवायला लागलो, हा योगायोग. पण अण्णा तो योगायोग मानायला तयार नव्हते. आपण जाताना कॉलेजला एक माणूस देऊन गेलो, अशी त्यांची समजूत होती. तो माणूस मी निघालो, याबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही. त्यांच्या सहनशीलतेचा हा पहिला पुरावा.

एक गोष्ट मात्र कुणाला उमगत नसे. जगाला सोडायला जाणारा हा माणूस स्वतः गावाला निघाला, की कुणाला पत्ता लागू देत नसे. पिशवी घेऊन मागच्या दाराने बाहेर. एकदा मी गाठलंच. "अण्णा, स्टँडपर्यंत येतो," म्हटलं. तर एरवी कुणावर आवाज न चढवणारे अण्णा माझ्यावर खेकसले, "मला सोडायला कुणी यायचं नाही. कळलं का?" मी परत आलो. ही म्हणाली, "काय केलंत तुम्ही?" आमच्या घरात कुठल्याही घटनेनंतरचा हा पहिला प्रश्न असतो.

नव्वदीच्या मधली वर्षं होती. शहरातल्या दुसऱ्या एका कॉलेजात स्नेहसंमेलनात पोरांची मारामारी झाली, चाकू निघाला, एक मुलगा मरता मरता वाचला. आमचे ट्रस्टी घाबरले. आपल्याकडे असं होऊ नये म्हणून चार माणसांची समिती नेमायची ठरली, आणि तिला तयार कोण करणार, तर जन्मभर होस्टेल सांभाळलेले अण्णा. समितीत प्रिन्सिपॉल होते, लायब्ररीतल्या बाई होत्या, ज्यांना सगळं कॉलेज अक्का म्हणे, व्यायामाचे सर होते आणि चौथा मी. माझी निवड कशी झाली असं मी अण्णांना विचारलं. ते म्हणाले, "तुमच्याकडं बघून कुणाला राग येत नाही हो. ही साधी गोष्ट न्हवं." मी हे घरी अभिमानाने सांगितलं. ही म्हणाली, "मला येतो."

शनिवारी दुपारी ड्रॉइंग हॉलमधल्या उंच स्टुलांवर बसून आमचं शिक्षण चाले. ट्रस्टींना खरं तर वाईट मुलांची नावं लिहून हवी होती. अण्णांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "नावं मिळायची नाहीत. वाईट मुलगा असा नसतोच. वाईट आठवडा असतो."

व्यायामाचे सर मिशीवर हात फिरवत म्हणाले, "सार, गर्जेल तो पडेल काय? जो धमकी देतो तो काही करत नाही. दोन थोबाडीत दिल्या की गप."

ते बोलले कानडीत, तिथल्या रीतीने 'सर'ला 'सार' म्हणत, पण म्हण अगदी हीच होती. दोन्ही भाषांत ती असावी, याचं मला कौतुक वाटलं. अण्णांना नाही वाटलं. "ती म्हण अर्धी आहे," ते म्हणाले. "कधी नुसताच गर्जतो, कधी न गर्जता पडतो, आणि कधी गर्जून वर पडतोही. धमकी देणारा वेगळा, धोका असणारा वेगळा, आणि दोघं एकाच सदऱ्यात असू शकतात. तुम्ही बघायचं काय? राग कुणावर आहे. कशावरून आहे. आणि उद्या सकाळी हा पोरगा कुठं असणार आहे, हे त्याचं त्याला ठाऊक आहे का."

हा शेवटचा प्रश्न त्यांचा खास होता. ज्याला उद्याचं काही काम आहे, कुणाचं पुस्तक परत द्यायचंय, कुणाबरोबर मॅच खेळायचीय, तो सहसा आज काही करून बसत नाही. ज्याचा उद्या पुसला गेलाय, त्याच्याजवळ जाऊन बसायचं.

मग ते नाटक करून घेत. व्यायामाचे सर चिडलेला विद्यार्थी, मी प्रिन्सिपॉल. खरे प्रिन्सिपॉल समोर बसून बघताहेत, अक्का खिडकीशी हसू दाबताहेत. सर आत येऊन टेबलावर हात आपटून ओरडले, की मी घाबरून बोलायलाच लागायचो. नियम सांगायचो, त्यांच्या आईवडिलांची आठवण करून द्यायचो, एकदा तर मी त्यांना त्रिकोणमितीचं महत्त्व सांगितलं. अण्णा डोक्याला हात लावत. "अहो, आधी त्याला बसवा की! उभ्या माणसाचा राग उभा राहतो." शेवटी मी खुर्ची ओढली आणि म्हटलं, "बस बाबा. काय झालं?" आणि गंमत अशी, की व्यायामाचे सर बसले आणि त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. त्यांची बढती अडली होती, ते सगळं बाहेर आलं. प्रिन्सिपॉल दाराकडे बघायला लागले. त्या शनिवारी समितीचा पहिला खरा रुग्ण सापडला, असं अक्का पुढे कित्येक दिवस म्हणत होत्या.

नवशिक्या वैद्याला सगळीकडे रोग दिसतो, तसं माझं झालं. आमचा दूधवाला दोन दिवस हसला नाही तर मी त्याला खुर्ची दिली. मुलगी भाजी खाणार नाही म्हणाली तर मी तिचा राग कुणावर आहे ते शोधायला लागलो. "माझ्यावर आहे, आणि भाजी खाल्ल्याशिवाय उठायचं नाही," असं म्हणून हिने ती समिती बरखास्त केली.

कॉलेजात एक जुनी रीत होती. मुलाला काढला, की त्याची ट्रंक होस्टेलच्या फाटकाबाहेर नेऊन ठेवायची. पत्र नंतर जायचं, ट्रंक आधी. अमक्याची ट्रंक बाहेर आली, एवढं म्हटलं की सगळ्यांना कळे. अण्णांनी आम्हाला शिकवलेली शेवटची आणि सगळ्यांत विचित्र गोष्ट या रितीबद्दल होती. कुणाला काढायचंच झालं, तर ट्रंकेच्या एका कडीला मुलगा आणि दुसऱ्या कडीला आपल्यातला एक. त्याच्या घरापर्यंत जायचं. घरी जेवायचं. मग परत यायचं.

प्रिन्सिपॉल म्हणाले, "अण्णा, हे जरा जास्त होतंय. आपण त्याला शिक्षा करतोय की मुलीची पाठवणी?"

अण्णा हळूच म्हणाले, "मी एकाची ट्रंक बाहेर ठेवली होती. नवा वॉर्डन होतो, कडक होतो. फाटक लावून आत आलो आणि जेवायला बसलो. तो बसस्टॉपवर बसून राहिला. बस आली, गेली, दुसरी आली, गेली. घरी जाऊन सांगणार काय? मग तो भिंतीवरून परत आला आणि हॉकीच्या काठीनं ज्याच्यामुळं काढलं गेलं त्या पोराला मारलं. त्या पोराचा डोळा गेला. हा तुरुंगात गेला. माझं जेवण तोवर संपलं पण न्हवतं हो." ते स्टुलावरून उतरले. "हाकललेला परत येतो. सोडलेला पोचतो. एवढंच मला माहीत आहे. बाकी मी पण अडाणी."

अण्णा मागच्या दाराने का निघतात, ते मला तेव्हा कळलं. त्या मुलाबरोबर कुणी गेलं नव्हतं, मग आपल्याबरोबर कुणी का यावं? त्यानंतर मी त्यांना कधी येतो म्हटलं नाही.

आणि मग मंजूचं प्रकरण आलं. मंजुनाथ, मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला, आनेकलच्या बाजूच्या खेड्यातला. त्यांच्या घरी रेशमाचे किडे होते. किडे शेवटच्या आठवड्यात आले की दिवसरात्र तुतीचा पाला घालावा लागतो, एक वेळ चुकली तर सगळं पीक गेलं. वडील आजारी पडले म्हणून हा घरी राहिला, आणि हजेरी कमी पडली. परीक्षेला बसता येणार नाही म्हणून विभागप्रमुखांनी त्याला सगळ्या वर्गासमोर उभं केलं आणि म्हणाले, "किडेच पाळायचेत तर इथे कशाला येतोस? तिकडेच बस पाला खात." वर्ग हसला. मंजू हसला नाही. दुपारी कॅन्टीनमध्ये तो म्हणाला, की या माणसाला मी वर्कशॉपमध्येच संपवणार.

ते व्यायामाच्या सरांच्या कानावर आलं. सकाळीच समिती बसली.

"पोलिसांना द्या," सर म्हणाले.

"कोण काय म्हणालं ते नको. कुणी काय बघितलं?" अण्णांनी विचारलं.

अक्का म्हणाल्या, "रोज चारला माझ्याकडे येऊन कोपऱ्यात बसायचा. या आठवड्यात एकदाही बसला नाही. काल आला तो सगळी पुस्तकं टेबलावर ठेवून, कार्डंसुद्धा ठेवून गेला. मी म्हटलं, अजून मुदत आहे रे. म्हणाला, अक्का, आता नकोत."

अण्णांचा चेहरा बदलला. "उद्या पुसला त्यानं," ते म्हणाले.

त्या सकाळी अण्णा भलत्याच वेगाने हलले. विभागप्रमुखांना सांगितलं, आज तुम्ही कॉलेजात थांबायचं नाही, आणि व्यायामाचे सर त्यांना स्कूटरवर बसवून घरी सोडून आले, वाटेत त्या पाल्याच्या विनोदाबद्दल दोन शब्दही ऐकवून. प्रिन्सिपॉल निलंबनावर ठाम होते. अण्णा म्हणाले, "करा. पण हजेरीची सूट मागायचा अर्ज आजच विद्यापीठाकडे जाऊ दे, आणि तो जातोय हे पोराला मी सांगणार." मग त्यांनी मंजूला बोलावलं, बसवलं, कॉफी पाजली. दाराआड काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. बाहेर आले आणि मला म्हणाले, "चला की, गणितवाले. दुसरी कडी."

ट्रंक लोखंडी, हिरवी. मी एका बाजूने उचलली आणि माझ्या कमरेत एक कळ आली, ती आजही थंडीत मला मंजूची आठवण देते. एका खांद्याला त्याने एक कापडी पिशवी अडकवली होती, ती काही त्याने खाली ठेवली नाही. आम्ही फाटकातून बाहेर पडलो. होसूर रोडला बस आली, कंडक्टरने ट्रंकेवरून वाद घातला, मी मोडक्या कानडीत त्याच्याशी भांडलो आणि चूक क्रियापदं वापरून हरलो. मंजू खिडकीबाहेर बघत होता. मी त्याला बोलतं करायचा प्रयत्न केला. हवा झाली, क्रिकेट झालं, बोम्मसंद्र्याचे कारखाने मागे पडले. शेवटी मी गप्प बसलो, आणि अण्णांच्या शिकवणीतलं निदान एवढं तरी मला जमलं.

घरी त्याची आई दारात उभी होती. ट्रंक बघून तिला काय ते कळलं. पण पाहुणा बघून तिने डोळे पुसले आणि पाट मांडला. आतल्या खोलीतून वडिलांचा खोकला आणि किड्यांच्या पाला खाण्याचा आवाज येत होता, बारीक पाऊस पडावा तसा. ताटात नाचणीचा गरम गोळा, म्हणजे तिकडचं मुद्दे, आणि आमटीसारखं पातळ सारू. मुद्दे कसे खातात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी मोठा घास तोंडात टाकला आणि पुणेरी शिस्तीत बत्तीस वेळा चावायला लागलो. तो टाळ्याला बसला. दात अडकले. मी नाकाने श्वास घेत, डोळे मोठे करून, मान हलवत छान छान असं दाखवत राहिलो.

मंजूची आई घाबरून म्हणाली, "अय्यो, सार चावतायत रे!"

आणि मंजू हसला. आधी नाकातून, मग मोठ्याने, मग त्याला थांबताच येईना. "सार, नुंगबेकु, गिळायचं! सारूत बुडवून गिळायचं!" त्याने स्वतः एक लहान घास करून दाखवला. मी गिळला. आतल्या खोलीतून वडिलांनी काय झालं म्हणून विचारलं, तर हा हसता हसता रडायला लागला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. दुसऱ्या हाताने मी अजून जेवत होतो, कारण ताट संपवल्याशिवाय तिथे उठता येत नव्हतं.

निघताना मी "येतो" म्हटलं. मंजू चपला घालून माझ्याबरोबर बसस्टॉपला आला. बस दिसली, तेव्हा त्याने पिशवीतून रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढून माझ्या हातात ठेवलं. जड होतं.

"सार, आज दुपारी वर्कशॉपला ते येणार होते," तो म्हणाला. "मी दारामागे उभा राहणार होतो. पण तुम्ही ट्रंक उचललीत. तुम्हाला पेलत नव्हती. मग... ट्रंक सोडून कसा जाऊ?"

मी बसमध्ये बसल्यावर रुमाल उघडला. पोलादी पट्टी घासून केलेलं एक पातं होतं, वीतभर लांब. होसूर रोडपर्यंत ते माझ्या मांडीवर होतं.

अण्णांनी ते पातं हातात घेतलं आणि ते खाली पायरीवरच बसले. "हे त्याच्याजवळ होतं?" त्यांनी विचारलं. "आणि तुम्ही त्याच्या शेजारी... मी विचारलं न्हाई हो. पिशवीत काय आहे ते मी विचारलंच न्हाई. चुकलं माझं. यापुढं दोघं जायचं. आणि विचारायचं." मग पात्यावरून अंगठा फिरवून म्हणाले, "फिनिश मात्र फस्ट क्लास आहे."

ते त्यांनी प्रिन्सिपॉलपुढे ठेवलं, काहीही न लपवता. पुन्हा समिती बसली, या वेळी विभागप्रमुखांसह. पोलिसांत जायचं की नाही, यावर आवाज चढले. विभागप्रमुख बराच वेळ त्या पात्याकडे बघत होते. शेवटी तेच म्हणाले, "मी त्याला भेटतो. तुम्ही बरोबर चला, अण्णा." दोघं गेले, आनेकलला. जेवून आले. त्यांनाही मुद्दे चावता आले नाहीत, असं मला कळलं, आणि मला फार बरं वाटलं.

सूट मिळाली. निलंबनात मंजूचं एक सत्र गेलं, पण वर्ष वाचलं. दर शनिवारी तो समितीसमोर येऊन बसायचा, आणि हळूहळू समितीच त्याची वाट बघायला लागली. अण्णांनी पात्याचं टोक वर्कशॉपमध्ये कापून घेतलं, त्याला लाकडी मूठ बसवली आणि ते आमच्या अंगणातल्या अबोलीखालचं गवत काढायला वापरू लागले.

चारपाच वर्षांनी अण्णांचे गुडघे गेले आणि निपाणीची बहीण त्यांना बोलवू लागली. घर विकायचं ठरलं. निघायचा दिवस त्यांनी कुणाला सांगितला नाही, पण खालच्या मजल्यावर राहणाऱ्यापासून ट्रंक भरण्याचा आवाज कसा लपणार? मी हिला म्हटलं, "जाऊ नको वर. त्यांना आवडत नाही." आम्ही पडद्याआडून बघत बसलो. अंगणात त्यांनी ते खुरपं अबोलीच्या मुळाशी रोवून ठेवलं, आमच्यासाठी. मग ट्रंक दोन्ही हातांनी ओढायला लागले, मागच्या दाराकडे. एक पाऊल, मग दम. एक पाऊल, मग दम.

मागच्या दारात रिक्षा उभी होती. तिला टेकून मंजू उभा होता, बोम्मसंद्र्याच्या कारखान्याचा निळा शर्ट अंगात. त्याला अक्कांनी सांगितलं होतं.

"तुला कुणी बोलावलं?" अण्णा खेकसले. "मला सोडायला कुणी यायचं नाही!"

"सार, मी सोडायला आलो नाही," मंजू म्हणाला. "पोचवायला आलोय. निपाणीपर्यंत. तुमच्या बहिणीकडे जेवणार, मग परत. रजा काढलीय." त्याने वाकून ट्रंकेची एक कडी धरली आणि तसाच थांबला. उचलली नाही.

अण्णा बराच वेळ उभे होते. गुडघा धरून, दुसऱ्या कडीकडे बघत. ही माझ्या कानात कुजबुजली, "जा की, तुम्ही धरा." मी पडदा बाजूला केला. पण तेवढ्यात अण्णा वाकले, फार हळू, आणि त्यांनी दुसरी कडी आपल्याच हाताने धरली.

"पिशवीत काय आहे तुझ्या?" त्यांनी विचारलं.

"टॉवेल, सार. आणि केळी."

"सरी, बरं," अण्णा म्हणाले. "चल मग."